प्रस्तावना : मूत्रपिंडाची तिबेटी औषधे आणि आपला सराटा

मूत्रपिंडाच्या तिबेटी औषधांवरचे पुस्तक मराठीत, तेही नागपूरजवळच्या कोराडीत बसून कशासाठी लिहायचे, असे कोणीही विचारेल. हिमालयापलीकडच्या पठारावरचे वैद्यक आणि कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राचे गाव यांचा संबंध काय? संबंध सराट्याचा आहे. कोराडी, खापरखेडा, कामठी या पट्ट्यातल्या मोकळ्या, रेताड जमिनीवर पावसाळ्यानंतर ही वनस्पती जमिनीला चिकटून चहूकडे पसरते. बारीक जोडपाने, पाच पाकळ्यांचे पिवळे फूल, आणि मग ते फळ, जे वाळले की पाच फोडींत सुटते. प्रत्येक फोडीला दोन लांब काटे असतात आणि फोड कशीही पडली तरी एक काटा वर राहतोच. चपलेच्या तळात आणि सायकलच्या ट्यूबमध्ये शिरणारा हा काटा म्हणजेच आयुर्वेदातला गोक्षुर आणि तिबेटी वैद्यांचा ‘झेमा’. लघवी अडणे, थेंब थेंब होणे, कंबर धरणे या तक्रारींवर दोन्ही परंपरा त्याच्याकडे वळतात. दुसरे नाव वेलचीचे. तिबेटी वैद्यकात हृदय, यकृत, फुप्फुस अशा एकेका अवयवासाठी एकेक उत्तम द्रव्य सांगितले आहे आणि मूत्रपिंडासाठी ते द्रव्य आहे लहान वेलची. तिबेटात वेलची पिकत नाही. ती सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलांतून तिथवर जात असे. हळद, आवळा, हिरडा यांचेही तेच. तेव्हा जिला आपण ‘हिमालयातली दुर्मिळ जडीबुटी’ म्हणून मोठ्या किमतीला विकत घेतो, तिचा बराचसा भाग आपल्याच स्वयंपाकघरातून आणि माळरानावरून गेलेला असतो. मग तिबेटी औषधात तिबेटी काय आहे? हे पुस्तक त्या प्रश्नावर उभे आहे आणि माझे उत्तर असे की तिबेटी आहे ती रोगी पाहण्याची आणि औषध ठरवण्याची शिस्त. वनस्पती त्या शिस्तीचा शेवटचा, आणि खरे तर सर्वांत सोपा भाग.

नवख्या वाचकासाठी या वैद्यकाचा प्रवास थोडक्यात सांगायला हवा. तिबेटी वैद्यकाला आज सोवा-रिग्पा म्हणतात. त्याची घडण भारत, चीन, इराण-मध्य आशिया आणि तिबेटची स्वतःची पशुपालकांची परंपरा अशा अनेक बाजूंनी झाली. भारताचा वाटा सर्वांत ठळकपणे दाखवता येतो तो वाग्भटाच्या अष्टांगहृदयामुळे. अकराव्या शतकात रिन्चेन झांगपो या भाषांतरकाराच्या काळात तो ग्रंथ तिबेटी भाषेत गेला. पुढे बाराव्या शतकात युथोक योन्तेन गोन्पो याच्या नावाशी जोडलेला ‘ग्यु-शी’ हा चार तंत्रांचा, १५६ अध्यायांचा ग्रंथ प्रमाण ठरला. त्यातले ९२ अध्याय एकट्या तिसऱ्या, म्हणजे चिकित्सेच्या तंत्राचे आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या दलाई लामांचा कारभारी देसी सांग्ये ग्यात्सो याने त्यावर मोठी टीका लिहिली, ती समजावणारी ७९ चित्रे काढवून घेतली आणि १६९६ मध्ये ल्हासाच्या चाकपोरी टेकडीवर वैद्यक महाविद्यालय काढले. १९१६ मध्ये तेराव्या दलाई लामांनी मेन-त्सी-खांग ही दुसरी संस्था स्थापली. १९५९ च्या उलथापालथीत चाकपोरी उद्ध्वस्त झाले. १९६१ मध्ये धरमशाळेत मेन-त्सी-खांग नव्याने उभी राहिली आणि आज तिच्या पन्नासहून अधिक शाखा भारतभर आहेत. युरोपला ग्यु-शीची पहिली ओळख झाली तीही कलकत्त्यातून, हंगेरियन पंडित चोमा द कोरोश याने १८३५ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिलेल्या सारांशामुळे.

आता मूत्रपिंडाकडे. ग्यु-शीत पाच भरीव अवयव आणि सहा पोकळ अवयव अशी मांडणी आहे. मूत्रपिंडे पहिल्या गटात, मूत्राशय दुसऱ्यात. मूत्रपिंडाच्या रोगांना स्वतंत्र अध्याय आहे आणि लघवी तुंबणे, वारंवार होणे यांचा विचार वेगळा केला आहे. कारणे वाचताना पठारावरचे जगणे डोळ्यांपुढे येते : ओल्या, गार जमिनीवर बसणे, जड ओझे उचलणे, घोड्यावरून वा उंचावरून पडणे. मूत्रपिंड हा शरीराच्या खालच्या, थंड भागातला अवयव, म्हणून त्याचे बरेच विकार थंड प्रकृतीचे, आणि म्हणून वेलचीसारखी उष्ण द्रव्ये हाती धरायची. पण उष्ण विकारही आहेत आणि त्यांची औषधे उलटी. हे ओळखायचे कसे? नाडीवर, अनामिकेखाली, आणि लघवी पाहून. लघवी परीक्षेची पद्धत इतकी काटेकोर आहे की ती नीट सांगितली पाहिजे. आदल्या रात्री दारू आणि कडक चहा टाळायचा. पहाटेची लघवी पांढऱ्या भांड्यात घ्यायची. ती गरम असताना रंग, वाफ, वास आणि काडीने घुसळल्यावर येणारे बुडबुडे पाहायचे. कोमट झाल्यावर तळाशी बसणारा गाळ आणि वर येणारी साय. आणि पूर्ण गार झाल्यावर ती कधी व कशी पालटते ते. लालसर-पिवळी, उग्र वासाची, दाट वाफेची लघवी उष्ण विकार सांगते. पांढुरकी-निळसर, पाण्यासारखी, वास नसलेली लघवी थंड विकार. फेस बराच वेळ टिकला की आजचा डॉक्टरही प्रथिने तपासायला सांगतो, हा योगायोग मानायचा की निरीक्षणाचे फळ, हे वाचकाने आपले ठरवावे. मी ते निरीक्षणाचे फळ मानतो. मात्र त्यावरून काढलेला त्या वैद्याचा निष्कर्ष आजच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष आहे, असे मानत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्याकडच्या वैद्यांचा असतो : हे सगळे आयुर्वेदच आहे, फक्त तिबेटी टोपी घातलेला. आक्षेपात तथ्य आहे. हळद, आवळा, दारुहळद आणि सराटा या चार द्रव्यांचा एक तिबेटी काढा प्रमेहासारख्या तक्रारींवर देतात. प्रमेहावर आवळा आणि हळद ही जोडी श्रेष्ठ, असे वाग्भटाने म्हटलेच आहे. चरकाने मूत्रकृच्छ्रावर गोक्षुराला अग्रस्थान दिले आहे आणि मूत्रविरेचनीय दहा द्रव्यांत गोक्षुर, पाषाणभेद, दर्भ, कुश, काश यांची नावे घेतली आहेत. ऋण उघड आहे. पण ऋण घेतलेल्या द्रव्यांतून जो विचार उभा राहिला तो वेगळा. आयुर्वेदात मूत्ररोगांचा केंद्रबिंदू बस्ती, म्हणजे मूत्राशय, आहे. अश्मरी, मूत्राघात, मूत्रकृच्छ्र यांची चर्चा बस्तीभोवती फिरते आणि सुश्रुताने खडा काढण्याची जी शस्त्रक्रिया सांगितली तीही बस्तीतल्या खड्याची. वृक्काचा, म्हणजे मूत्रपिंडाचा, उल्लेख येतो, पण मूत्र तयार करणारा अवयव म्हणून त्याची तिथे ओळख नाही. तिबेटी ग्रंथाने मूत्रपिंडाला स्वतःचे आजार, स्वतःची नाडी, स्वतःचे प्रमुख द्रव्य दिले. त्यात चिनी नाडीशास्त्राचा हात असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय जूनिपरसारखी उंचावरची झाडे, मॅलोच्या कुळातली लघवी मोकळी करणारी वनस्पती अशी भर पठारावरच पडली. जुने सामान आणि नवी मांडणी असा हा प्रकार आहे आणि ज्ञानाच्या इतिहासात तो अपवाद नव्हे, नेम आहे.

आपल्याकडच्या परंपरेला मात्र दोन पाय आहेत, एक ग्रंथाचा आणि एक घराचा. मराठीत शंकर दाजी शास्त्री पदे यांचे ‘वनौषधि गुणादर्श’ आणि ‘आर्यभिषक्’, पुढे वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ यांनी ग्रंथातले ज्ञान घराघरात नेले. घराचा पाय त्याहून जुना. उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे माठातले पाणी. मुतखड्यावर कुळथाचे कढण आणि पानफुटीचे पान. अंगावर सूज आली की घेटुळीची भाजी. लघवी तुंबली की पळसाची फुले वाफवून ओटीपोटावर त्यांचा शेक. विदर्भात पळसाला तोटा नाही, त्यामुळे हा शेक इथे अजून पुसला गेलेला नाही. या घरगुती उपायांत एक गोष्ट लक्षात येते की ते बहुतेक थंड, पाण्याचे आणि उन्हाळ्याचे आहेत. तिबेटी घर कंबर गरम ठेवायला सांगते, वऱ्हाडी घर माठातले पाणी प्यायला सांगते. दोघे एकाच अवयवाबद्दल बोलत आहेत आणि दोघेही आपापल्या हवेत बरोबर आहेत.

इथेच माझ्या म्हणण्याचा कणा आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, कोळशाच्या यार्डात दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाचे दुखणे बहुधा पाणी कमी पडल्याने होते : लघवी दाट, जळजळ, खडे. मध्य अमेरिकेतल्या उसाच्या शेतमजुरांमध्ये मधुमेह नाही, रक्तदाब नाही आणि तरी मूत्रपिंडे निकामी होतात, याकडे गेल्या दोन दशकांत जगाचे लक्ष गेले आणि ऊन व निर्जलीकरण हे तिथले एक प्रमुख संशयित कारण आहे. अशा मजुराला ‘तिबेटी किडनीची गोळी’ म्हणून उष्ण वेलचीप्रधान औषध दिले, तर खुद्द तिबेटी वैद्याच्या नियमानेच ते चूक ठरेल. थंड विकाराचे औषध उष्ण विकाराला दिले, म्हणून. गोळी अस्सल, कारखाना चांगला, द्रव्ये शुद्ध, आणि तरी चिकित्सा खोटी. बाजारात आज जे ‘किडनी डिटॉक्स’ नावाने चूर्ण, काढे आणि कॅप्सूल विकले जातात, त्यांनी नेमके हेच केले आहे : वनस्पती ठेवली आणि निर्णय फेकून दिला.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. शेकडो वर्षे लोक हे घेत आले, त्यांना गुण आला, मग आणखी पुरावा कशाला? मुतखड्याचेच उदाहरण घेऊ. पाच मिलिमीटरहून लहान खडे बहुतेक वेळा काहीही न करता काही आठवड्यांत पडून जातात. त्या आठवड्यांत माणसाने कुळथाचे कढण घेतले असेल तर श्रेय कढणाला, पानफुटी खाल्ली असेल तर पानफुटीला, आणि शेजारच्या वैद्याची पुडी घेतली असेल तर वैद्याला. कुळीथ आणि सराटा यांच्या अर्काने कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक वाढण्याला अटकाव होतो, असे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर दिसले आहे. पण परीक्षानळीतला स्फटिक आणि माणसाच्या मूत्रनलिकेत अडकलेला खडा यांत अंतर आहे. भरपूर पाणी पिणे हा खड्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय, आणि प्रत्येक काढा पाण्यातच होतो, हेही विसरू नये.

अनुभवाची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अनुभव लगेचचे नुकसान टिपतो. उलटी झाली, भोवळ आली, की लोक ती वनस्पती सोडतात. पण मूत्रपिंड मुकाट्याने खराब होते. निम्मे काम बंद पडेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन सामान्य मर्यादेत राहू शकते आणि दुखत तर नाहीच. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल घेतलेल्या कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९३ मध्ये ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आले. शोध घेतल्यावर कळले की एका निरुपद्रवी मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातली मुळी कॅप्सूलमध्ये आली होती. याच कुळातल्या तणाचे बी गव्हात मिसळल्याने बाल्कन प्रदेशातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मूत्रपिंडाचा आजार राहिला. पिढ्यांच्या अनुभवाला कारण सापडले नाही. या कुळातल्या वेली तिबेटी औषधीसंग्रहात आहेत, आणि आपल्याकडे सापसण अथवा ईश्वरी म्हणतात तीही त्याच कुळातली. पाऱ्याचे तेच. तिबेटी ‘रत्न-गोळ्यां’त शुद्ध केलेला पारा वापरतात, आपल्या रसौषधींतही, शुद्धीकरणाच्या विधीवर दोन्ही परंपरांचा विश्वास दांडगा आहे. ज्याचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे त्याच्यावर तो विश्वास लादू नये, इतकेच माझे म्हणणे. विषारी नसलेल्या वनस्पतीही इथे निर्दोष नाहीत. घेटुळी म्हणजे पुनर्नवा सूज उतरवते, पण तिच्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि ज्याचे मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही त्याच्या हृदयाचे ठोके त्यानेच चुकू शकतात. सूज तीच, भाजी तीच. एकाला औषध, दुसऱ्याला संकट.

मग उरतो तिसरा आक्षेप, डॉक्टरांचा : एवढे सगळे मान्य असेल तर ही औषधे सोडूनच का देत नाही? मधुमेह आणि रक्तदाब ही आज मूत्रपिंड निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे. त्यांवर चांगली औषधे आहेत. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. हा युक्तिवाद मला बराचसा पटतो आणि या पुस्तकात कुठेही तिबेटी औषधाला डायलिसिसचा पर्याय म्हटलेले नाही. तरीही सोडून देता येत नाही, कारण लोक सोडत नाहीत. डॉक्टरकडे जाण्याआधी, जाताना आणि गेल्यावरही काढा चालूच असतो, फक्त डॉक्टरला सांगितलेला नसतो. दुसरे असे की ही पद्धती आता कायद्याच्या चौकटीत आहे : २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सोवा-रिग्पाला भारतीय चिकित्सापद्धती म्हणून मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये लेहला राष्ट्रीय संस्था काढायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. आणि विदर्भापुरते बोलायचे तर तिबेटी समाज इथे पाहुणा नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, १९७२ पासून नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. हिवाळ्यात नागपूरला स्वेटर घ्यायला जाणाऱ्या कोणालाही ही माणसे ठाऊक आहेत. धानाच्या मुलखात पन्नास वर्षे राहिलेल्या समाजाचे वैद्यक आपण ‘गूढ हिमालयीन’ म्हणून वाचावे, याला काही अर्थ नाही.

आता कोराडीबद्दल, कारण औषध ठरवण्याची शिस्त वैद्याच्या खोलीत संपत नाही. वनस्पती कुठून खुडली इथपर्यंत ती जाते. ग्यु-शीत वनस्पती कोणत्या उतारावर, उन्हाच्या की सावलीच्या बाजूला, कोणत्या ऋतूत खुडायची याचे नियम आहेत. आजच्या कोराडीला त्यात एका नियमाची भर घालावी लागेल. इथले औष्णिक वीज केंद्र १९७० च्या दशकापासून चालू आहे, राखेचे बंधारे गावांना लागून आहेत, आणि २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा बंधारा फुटून राख शेतांत व नाल्यांत गेली. कोराडी-खापरखेडा परिसरातल्या पाण्यात जड धातू सापडल्याचा अहवाल मंथन अध्ययन केंद्राने इतर संस्थांसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केला होता. सराटा आणि घेटुळी नेमक्या अशाच पडीक, उघड्या, हलवलेल्या जमिनीवर उगवतात. जमिनीतला धातू वनस्पतीत उतरू शकतो आणि काढ्यातून तो त्याच अवयवापर्यंत पोचतो ज्याच्यासाठी काढा केला. जंगलात वा माळावर गोळा करून नागपूरच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाची जागा कोणी विचारत नाही. नावाचीही खात्री नसते. गोखरू मागितले तर लहान मिळेल की मोठे, सांगता येत नाही; मोठे गोखरू वेगळ्याच कुळातले, त्याची ताजी फांदी पाण्यात फिरवली की पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे बुळबुळीत होते, सराट्याने तसे होत नाही. पुनर्नवेच्या नावाखाली दुसरीच रानभाजी येते. पाषाणभेद म्हणून हिमालयातले मूळ मिळेल की इथलेच कोणते पान, हे दुकानागणिक बदलते. जे द्रव्य कोणते आहे हेच ठरलेले नाही, त्याच्या गुणावर वाद घालणे फुकटचे.

या पुस्तकाचा बेत त्यामुळे मर्यादित आहे. तिबेटी ग्रंथांत मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी सांगितलेल्या द्रव्यांपैकी जी महाराष्ट्रात उगवतात किंवा मिळतात, तीच इथे घेतली आहेत. प्रत्येक वनस्पतीची ओळख, ती कोणत्या प्रकारच्या रुग्णासाठी सांगितली आणि कोणासाठी वर्ज्य केली, आयुर्वेद तिच्याबद्दल काय म्हणतो, घरोघरी तिचा काय उपयोग होतो, आणि आजच्या संशोधनाने काय दाखवले व काय दाखवले नाही, एवढे त्यात येईल. सोनेचांदी आणि पारा घातलेल्या गोळ्यांची कृती मुद्दाम दिलेली नाही. मंत्र, ग्रह, पूर्वकर्म यांचा भाग थोडक्यात आहे. तो तिबेटी वैद्यकातून वगळला तर चित्र खोटे होईल, पण त्याचा ऊहापोह करायला हे पुस्तक नव्हे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तुलना मिळावी, वनस्पती गोळा करणाऱ्याला ओळख मिळावी आणि ज्याच्या घरात मूत्रपिंडाचा रुग्ण आहे त्याला डॉक्टरसमोर नेमके काय सांगायचे ते कळावे, असा हेतू आहे.

काही वाचकांना खटकेल अशी एक गोष्ट आताच सांगतो. या पुस्तकात मात्रा दिलेल्या नाहीत. किती ग्रॅम, किती वेळा, किती दिवस, हे कुठेही नाही. मात्रा छापली की पान फाडून घेतले जाते आणि बाकीचे पुस्तक मागे राहते. रुग्णाची प्रकृती, ऋतू, लघवीचा रंग, आधीची औषधे यांतले काहीच त्या पानाबरोबर जात नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्या तक्रारीसाठी आधी कोणत्या तपासण्या कराव्यात ते लिहिले आहे : रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, आणि गरज असेल तर सोनोग्राफी. सूज, लघवीत रक्त, तापाबरोबर कंबरदुखी किंवा लघवी पूर्ण बंद होणे यांपैकी काही असेल, तर पुस्तक मिटून आधी रुग्णालय गाठावे.